जपानी लोहारशाळा आणि प्रवाशांनीं घडविलेलीं पातीं

जपान देशांत गेलेल्या परदेशी प्रवाशास तेथील कांहीं खड्गकार आपल्या भट्टीपुढें उभें करून, हातीं हातोडा देऊन, एका दिवसांत एक लहान पातें घडवावयास लावितात. त्याबद्दल ठराविक शुल्क घेतात, आणि संध्याकाळीं तें पातें कागदांत गुंडाळून त्याच्या स्वाधीन करितात. ही रीति अलीकडे बरीच वाढली आहे. तिजविषयीं आमच्या इतिहासप्रेमी मित्रमंडळींत एकदां वाद निघाला, तेव्हां बहुतेकांचें मत असें पडलें कीं, हा पैसेवाल्या प्रवाशांच्या करमणुकीचा प्रकार असून त्याचा इतिहासाशीं कांहीं संबंध नाहीं. आम्हींही त्या वेळीं तेंच म्हटलें होतें. पुढें गेल्या कार्तिकांत, आमचा एक जुना विद्यार्थी ओसाका येथें नोकरीस असल्यामुळें, त्या देशीं जाण्याचा योग आला आणि अशा एका शाळेंत आम्हांस प्रत्यक्ष बसतां आलें. तेव्हांपासून आमचें मत पालटलें आहे. तें कां व कितपत पालटलें हें सांगण्यासाठीं हा लेख.

प्रथम लेखकाचा अधिकार किती तें सांगितलेलें बरें. आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. तरवार आम्हीं पाहिली ती संग्रहालयाच्या कांचेआड, आणि वाचली ती ग्रंथांत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत खड्गलक्षणाचा एक अध्याय आहे. त्यांत तरवारीच्या लांबीचें मान, तिजवरील डागांचीं शुभाशुभ फळें, आणि शस्त्रास कोणकोणतीं द्रव्यें पाजावीं याचे विधि दिले आहेत. केळीची राख ताकांत कालवून तें एक दिवस ठेवावें व शस्त्रास पाजावें, असा त्यांतला एक विधि. सुश्रुतसंहितेंत शल्यचिकित्सेच्या शस्त्रांना क्षार, उदक व तैल अशी तीन प्रकारची 'पायना' सांगितली असून, कोणत्या कामाच्या शस्त्रास कोणती द्यावी याचाही निर्णय केला आहे. पायना म्हणजे पाजणें. मराठींतही आपण हत्यारास पाणी देतों, आणि चांगल्या घोड्यास व चांगल्या माणसास पाणीदार म्हणतों. हें सर्व आम्हीं वर्गांत तीस वर्षें समजावून सांगितलें. परंतु लोखंड पाणी पितें म्हणजे नेमकें काय होतें, हें विचारणारा विद्यार्थी आम्हांस भेटला नाहीं, आणि भेटता तर आम्हांस उत्तर देतां आलें नसतें.

खड्गकाराच्या भट्टीपुढें पाहुण्यानें बसणें ही जपानांत आजची गोष्ट नव्हे. गो-तोबा नांवाच्या सम्राटानें (इ. स. ११८०–१२३९) इ. स. ११९८ त सिंहासन सोडल्यावर, निरनिराळ्या प्रांतांतील नामांकित खड्गकारांस पाळीपाळीनें, एकेका महिन्यासाठीं, आपल्या सेवेस बोलावून घेतलें. या पाळीच्या लोहारांस गोबान-काजी म्हणतात. त्यांत बिझेन व बिच्चू या प्रांतांचे आणि क्योतोनजीकच्या आवातागुचि येथील लोहार होते. सम्राट त्यांजपाशीं बसून स्वतः पातीं घडवी आणि पाणी देण्याचें काम स्वहस्तें करी, अशी परंपरा आहे. त्याच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या तरवारींवर शेवंतीचें फूल कोरलेलें असतें. जपानी राजघराण्यानें शेवंती हें चिन्ह घेतलें त्याचा आरंभही याच सम्राटाच्या आवडींत शोधितात. इ. स. १२२१ त कामाकुराच्या सत्तेविरुद्ध त्यानें केलेला उठाव फसला, त्याची ओकी बेटावर रवानगी झाली, व अठरा वर्षांनीं तेथेंच तो वारला. आतां या शेवंतीच्या तरवारींत सम्राटाचा हात किती व पाळीवरच्या लोहाराचा किती, हा प्रश्न सहज उत्पन्न होतो. त्याचा विचार पुढें करूं. तूर्त एवढेंच लक्षांत घ्यावयाचें कीं, हौशी पाहुणा, जवळ उभा असलेला उस्ताद, आणि पाण्यांत बुडविण्याचा मानाचा क्षण पाहुण्यासाठीं राखून ठेवणें, ही मांडणी आठशें वर्षांपूर्वींही होती.

बिझेन म्हणजे हल्लींच्या ओकायामा प्रांताचा आग्नेय भाग. तेथें योशीइ नदीच्या कांठीं ओसाफुने हें गांव आहे. मागच्या डोंगरांत लोखंडाची वाळू व कोळशास लागणारें लांकूड, आणि माल वाहावयास नदी, अशी सोय एके ठिकाणीं मिळाल्यामुळें तेराव्या शतकाच्या मध्यापासून मित्सुतादा, नागामित्सु इत्यादि खड्गकारांची परंपरा या गांवीं नांदली. सोळाव्या शतकाच्या शेवटीं, इ. स. १५९० च्या सुमारास, त्याच नदीच्या महापुरानें गांव बुडविलें, आणि ती भरभराट पुन्हां आली नाहीं. आज तें सेतोउचि नगरांत मोडतें. तेथें तरवारींचें एक संग्रहालय असून त्याच्या आवारांत चालत्या भट्ट्या आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं जुन्या पद्धतीनें पोलाद कुटण्याचें काम लोकांस दाखवितात, आणि लहान सुरी घडविण्याचे वर्गही भरतात. याच नगरानें इ. स. २०२० त, उएसुगी केन्शिन याच्या संग्रहांतील 'यामातोरिगे' ही बिझेनची तरवार ५० कोटी येन देऊन विकत घेतली, आणि ती रक्कम देणग्यांतून उभी केली. आमच्याकडे एखाद्या नगरपालिकेनें असें केल्याचें ऐकिवांत नाहीं.

संस्कृतज्ञास या देशच्या तरवारी पाहतांना एक अनपेक्षित आनंद होतो. कित्येक पात्यांवर मुठीच्या बाजूस बीजाक्षरें कोरलेलीं असतात. हीं सिद्धं लिपींतील असून तीस तेथें बोंजी, म्हणजे ब्राह्मी अक्षरें, म्हणतात. इ. स. ८०६ त चीनहून परत आलेल्या कूकाइ नामक भिक्षूनें ज्या मंत्रयानाचा जपानांत प्रसार केला, त्याजबरोबर हीं अक्षरें रूढ झालीं. अचलनाथाचें, म्हणजे तिकडील फुदो म्योओचें, बीज 'हां' हें त्यांत विशेष आढळतें. आणि खड्गास विळखा घालणारा जो नाग कोरितात त्याचें कुरिकारा हें नांव कुलिक या नागराजापासून आलें असें मानितात. कांचेपलीकडच्या पोलादावर तें अक्षर वाचतां येतांच आमचा विद्यार्थी आमच्याकडे अशा नजरेनें पाहूं लागला, जणूं तें आम्हींच कोरिलें होतें!

परंतु मुख्य मुद्दा असा कीं, प्रवाशास तरवार न देतां लहान सुरीच कां घडवूं देतात? याचें उत्तर जपानच्या गेल्या दीडशें वर्षांच्या इतिहासांत आहे. इ. स. १८७६ च्या मार्च महिन्यांत मेइजी सरकारनें फर्मान काढून, सैनिक, पोलीस व गणवेशांतील अधिकारी वगळतां, कोणींही तरवार बांधून बाहेर पडूं नये असें ठरविलें. एका फर्मानानें हजारों खड्गकारांचें गिऱ्हाईक नाहीसें झालें. कित्येकांनीं धंदा सोडला. कित्येकांनीं विळे, कात्र्या, वस्तरे व स्वयंपाकाच्या सुऱ्या घडविण्यास आरंभ केला. मिनो प्रांतांतील सेकी हें गांव पूर्वीं तरवारींकरितां जितकें प्रसिद्ध होतें तितकेंच आतां चाकूसुऱ्यांकरितां जगभर प्रसिद्ध आहे. एचिझेन प्रांतांत तर विळ्याची परंपराच जुनी. इ. स. १३३७ त क्योतोहून आलेल्या चियोझुरु कुनियासु या खड्गकारानें शेतकऱ्यांकरितां विळे घडविले, तेव्हांपासून ती विद्या तेथें रुजली असें सांगतात. आणि पुढें लाखेचा चीक गोळा करणारे लोक गांवोगांव हिंडतांना हे विळे विकीत, त्यामुळें त्यांची कीर्ति दूरवर गेली. त्या प्रांतांत ताकेफु येथें इ. स. १९९३ पासून अनेक लोहारांचा एक सामायिक कारखाना चालतो, व तेथेंही पाहुण्यांचे वर्ग भरतात. म्हणजे प्रवाशाच्या हातीं येणारी सुरी ही तरवारीची नक्कल नव्हे. ज्या कामानें तरवारीच्या कारागिरास पडत्या काळांत भाकर दिली, त्या कामाचीच ती संतति आहे. तरवारीचा खरा उत्तराधिकारी कोणी वंशज नसून स्वयंपाकघरांतील सुरी आहे, असें कोणी म्हटलें तर आम्ही वाद घालणार नाहीं.

दुसरा घाला इ. स. १९४५ त आला. पराभवानंतर अमेरिकन अधिकाऱ्यांनीं सर्व शस्त्रें जमा करण्याचा हुकूम सोडला, व असंख्य तरवारी त्यांत नष्ट झाल्या किंवा परदेशीं गेल्या. होम्मा जुंजी, सातो कांझान आदि जाणत्यांनीं, तरवार ही कलाकृतिही आहे, हें जेत्यांच्या गळीं उतरविलें, त्यांतूनच इ. स. १९४८ त कलात्मक तरवारींच्या रक्षणाची संस्था निघाली. नवीन तरवारी घडविण्यास परवानगी मिळण्यास इ. स. १९५३ उजाडलें, आणि इ. स. १९५८ च्या कायद्यानें सर्व नियम पक्के झाले. आज परवाना पाहिजे असल्यास परवानाधारक उस्तादापाशीं निदान पांच वर्षें उमेदवारी करून, नंतर आठ दिवसांच्या सरकारी परीक्षेंत उतरावें लागतें. परवाना मिळाल्यावरही महिन्याला दोन लांब अथवा तीन आंखूड तरवारींपलीकडे घडवितां येत नाहींत. तरवारीचें पातें १५ सेंटिमीटर वा अधिक लांब झालें कीं त्याची नोंदणी करावी लागते. त्याहून लहान सुरीस ही अट नाहीं. म्हणून प्रवाशाचा सारा उद्योग त्या मर्यादेच्या आंत चालतो.

पोलादाचीही तीच गोष्ट. तरवारीस लागणारें तामाहागाने नांवाचें पोलाद शिमाने प्रांतांतील ओकुइझुमो येथें मातीच्या भट्टींत, ज्यास तातारा म्हणतात, होतें. युद्धापूर्वीं सैन्यासाठीं तेथें इ. स. १९३३ त चालू केलेली भट्टी १९४५ त विझली. ती वर सांगितलेल्या संस्थेनें इ. स. १९७७ त पुन्हां पेटविली. हिवाळ्यांत, तीन दिवस व तीन रात्री, दर अर्ध्या तासाच्या सुमारास लोखंडाची वाळू व कोळसा आळीपाळीनें घालीत राहावयाचें. एका वेळच्या कामास सुमारें १० टन वाळू व १२ टन कोळसा लागून अडीच टनांच्या आसपास वजनाचा गोळा निघतो, आणि त्यांतील थोडाच भाग उत्तम प्रतीचा असतो. मळी, म्हणजे आपल्या वैद्यांचें मंडूर, खालून वाहून जाते. मुख्य कारागीर, ज्यास मुरागे म्हणतात, तो ज्वालेच्या रंगावरून व आवाजावरून आंतील स्थिति ओळखतो. शेवटीं भट्टीच फोडावी लागते. हें पोलाद परवानाधारक खड्गकारांस वांटून देतात. प्रवाशास बहुधा बाजारांतील साधें पोलाद मिळतें, आणि तें योग्यच आहे.

आतां आमच्या दिवसाकडे वळतों. शाळेचें व उस्तादांचें नांव देण्याचें कारण नाहीं. आम्ही चौघे होतों. पैकीं आम्ही वयानें सर्वांत वडील, व हातानें सर्वांत अडाणी. पडवींत कोळसा एकसारखे तुकडे करून रचून ठेविला होता. कोळसा तोडण्यास शिकावयास तीन वर्षें लागतात, अशी तिकडील लोहारांची म्हण आहे; आम्हांस तीं तीन वर्षें माफ झालीं. भाता आपल्याकडील कातड्याच्या भात्यासारखा नसून लांकडी पेटी असते, आणि दांडा ओढतांना व ढकलतांना दोन्ही वेळां वारा सुटतो. उस्ताद डाव्या हातानें दांडा चालवितात व उजव्या हातानें लोखंड फिरवितात. नजर मात्र निखाऱ्यावर.

आरंभीं त्यांनीं तामाहागानेचा एक तुकडा घडी घालून दाखविला. त्यावर भाताच्या पेंढ्याची राख व पातळ माती घालून तो तापवितात, मग घणानें लांब करितात, मधोमध खांच पाडून दुमडितात, व पुन्हां कुटतात. असें दहापंधरा वेळां केलें म्हणजे थरांची संख्या हजारोंवर जाते. प्रत्येक घडीस कांहीं पोलाद खपल्यांच्या रूपानें गळून पडतें. आम्हांस वाटत असे कीं घड्या जितक्या अधिक तितकी तरवार उत्तम. उस्तादांनीं दुभाष्यामार्फत सांगितलें कीं तसें नाहीं. फार घड्या घातल्या तर पोलादांतील कोळशाचा अंश जळून तें मऊ पडतें. केव्हां थांबावें हें घाव घालतांना हातास कळतें. हा 'हातास कळतें' शब्द आम्हांस त्या दिवशीं चारपांच वेळां ऐकूं आला, आणि पहिल्यांदां आम्हांस तो चुकवाचुकवीचा वाटला.

घण घालणाऱ्या जोडीदाराच्या ठोक्यास जपानींत आइझुचि म्हणतात. उस्ताद लहान हातोड्यानें जागा दाखवितो, जोडीदार तेथें घण घालतो. संभाषणांत समोरच्याच्या बोलण्यास 'हो, हो' म्हणून दाद देणें यासही तिकडे आइझुचि मारणें असाच वाक्प्रचार आहे. तसेंच दोन माणसांचें पटत नसलें तर त्यांचा बांक जुळत नाहीं म्हणतात, कारण एका तरवारीचा बांक दुसरीच्या म्यानांत बसत नाहीं. वरवरच्या विद्वत्तेस मागाहून चिकटविलेली धार म्हणतात. ही म्हण ऐकून आम्हांस थोडें संकोचल्यासारखें झालें. भट्टी ज्या समाजांत दाराशीं असते, त्याच्या भाषेंत ती अशी शिरते. आपल्या 'पाणीदार' शब्दाची उपपत्ति हीच.

दुपारीं प्रत्येकास पोलादाची एक कांब मिळाली. ती लाल झाली कीं ऐरणीवर ठेवून टोंक काढावयाचें. आमचा पहिला दोष असा कीं आम्ही थंड लोखंडावर मारीत होतों, व दुसरा असा कीं, तो टाळण्याच्या नादांत कांब निखाऱ्यांत फार वेळ ठेविली. तिजमधून दिवाळींतल्या फुलबाजीसारख्या ठिणग्या उडूं लागल्या. उस्तादांनीं झडप घालून ती बाहेर काढिली, जळलेलें टोंक छाटून टाकिलें, आणि न बोलतां आमचें मनगट धरून पुढचे चार घाव आपल्या हातानें मारविले. त्या चार घावांत आम्हांस जें समजलें तें शब्दांत मांडतां येत नाहीं.

यापुढें कानशीनें आकार देऊन पात्यावर माती लेपावयाची. माती, कोळशाची पूड व सहाणेची पूड एकत्र कालविलेली असते. धारेकडे लेप पातळ, पाठीकडे जाड. मग झडपा लावून खोली अंधारी केली, कारण तापलेल्या पोलादाचा खरा रंग उजेडांत कळत नाहीं. पातें निखाऱ्यांतून पुढेंमागें सरकवीत उस्तादांनीं ठरविलेल्या क्षणीं इशारा केला, आणि आम्हीं तें पाण्यांत सोडिलें. धारेवरचा लेप पातळ, म्हणून धार एकदम निवते व कठीण होते. पाठ सावकाश निवते व चिवट राहते. धार कठीण होतांना फुगते, आणि त्या ताणानें लांब तरवारीस बांक येतो. हा बांक बहुतांशीं हातोड्याचा नसून पाण्याचा असतो. चौघांपैकीं एकाचें पातें पाण्यांत असतांनाच बारीक 'टिण्' असा आवाज झाला. उस्तादांनीं तें न पाहतांच बाजूला ठेविलें. धारेस उभी चीर गेली होती. त्या गृहस्थांस दुसरी कांब देण्यांत आली.

त्या आवाजानें आमच्या डोक्यांत लख्ख उजेड पडला. सुश्रुतानें पायना त्रिविध कां सांगितली याचें कारण आम्ही आजवर ग्रंथांत शोधीत होतों. पाणी, तेल व क्षार हीं तापल्या लोखंडास निरनिराळ्या वेगानें निववितात. तेलांत पोलाद सावकाश निवतें, चीर जाण्याचें भय कमी. पाण्यांत कठीणपणा अधिक, पण धोकाही अधिक. कोणत्या शस्त्रास काय पाजावें, हा आग्रह भाबडेपणाचा नसून कोणी तरी चिरलेल्या पात्यांच्या ढिगाशेजारीं बसून केलेला असावा, असें आम्हांस आतां वाटतें. बृहत्संहितेंतील केळीच्या राखेचीही हीच कथा असूं शकेल, कारण तीही क्षारच. त्या अध्यायांतले सगळेच विधि मात्र या न्यायानें उलगडतील असा आमचा दावा नाहीं. हें अनुमान आहे, आणि तें अनुमान म्हणूनच विद्वानांपुढें ठेवितों. तथापि भट्टीपुढें बसल्यावांचून आम्हांस तें सुचलें नसतें हें निश्चित. कागदपत्र हें आमच्या शास्त्राचें मुख्य साधन खरें, परंतु ज्यानें कधीं लोखंड तापलेलें पाहिलें नाहीं तो लोखंडासंबंधींचा कागद अर्धाच वाचतो.

या शाळांत दोष नाहींत असें नव्हे. कांहीं ठिकाणीं बहुतेक तयार झालेलें पातें पाहुण्याच्या हातीं देऊन दोनचार ठोके मारवितात व छायाचित्र काढितात. त्यास शिक्षण म्हणवत नाहीं. उस्तादांचा वेळही जातो. पण दुसरी बाजू अशी कीं, परवानाधारक खड्गकारांची संख्या मागील पिढींत तीनशेंच्या घरांत होती ती आतां दोनशेंच्या आंत आली आहे. पांच वर्षें बहुधा बिनपगारी उमेदवारी करण्यास तरुण मिळत नाहींत, आणि नवीन तरवार घेणारे थोडे. ज्या भट्टींत आम्ही बसलों तेथें एकच उमेदवार होता. घणाचें बरेंचसें काम यंत्रानें होत होतें. पाहुण्यांच्या शुल्कांतून कोळसा येतो, असें उस्तादांनीं मोकळेपणानें सांगितलें. आमच्या मित्रांनीं ज्यास करमणूक म्हटलें तिच्या उत्पन्नावर एक विद्या तग धरून आहे. आमच्याकडे पट्टे व दांडपट्टे घडविणाऱ्या लोहारांची विद्या कोणत्या रीतीनें चाले हें आज विचारावयास त्या घरांत किती जण उरले आहेत, याचा शोध संशोधकांनीं घेण्यासारखा आहे.

आतां मागें ठेविलेला प्रश्न. आम्हीं आणिलेलें पातें कोणाचें? उष्णता उस्तादांनीं ओळखिली, वेळ त्यांनीं साधली, जळकें टोंक त्यांनीं छाटलें. घाव बहुतेक आमचे, पण कामाचे घाव त्यांचे. गो-तोबा सम्राटाच्या तरवारींविषयीं आमचें अनुमान याहून निराळें नाहीं. फरक इतकाच कीं त्यानें तें अनेक वर्षें केलें, व उत्तम पोलाद आणि उत्तम गुरु त्याच्या पदरीं होते.

निघतांना आम्हीं उस्तादांस विनंति केली कीं पात्याच्या मुठींत जाणाऱ्या भागावर आपलें नांव कोरून द्यावें. त्यांनीं मान हलविली. दुसऱ्याचे घाव ज्यांत आहेत त्यावर ते नांव घालीत नाहींत. तुम्हीं आपलें घालावें म्हणून त्यांनीं छिन्नी पुढें केली. आम्हांस 'हां' हें बीजाक्षर कोरावेंसें क्षणभर वाटलें, पण मनगट दुखत होतें व आगगाडीची वेळ झाली होती. विमानांत पातें मोठ्या पेटींत ठेवून सोंपवावें लागलें. सध्यां तें आमच्या टेबलावर असून पोथ्यांच्या बस्त्यांचे दोरे कापण्याच्या उपयोगीं पडतें. पावसाळ्यांत त्यास दर आठवड्यास तेलाचें बोट लावावें लागतें. मुठींतला भाग कोराच आहे.